साक्ष दिल्यानंतरची मावशी

शेवटच्या आठवड्यात सुमनमावशी एकच विचारायची, "रुक्मिणीला कळवलंस काय गो?" मी फोन केला होता. तिच्या मुलानं ऐकून घेतलं आणि ठेवून दिला... मावशीला मी एवढंच म्हटलं, "कळवलंय." तीन आठवड्यांपूर्वी मावशी आमच्या रत्नागिरीच्या घरी, पडवीतल्या खाटेवरच वारली. तोवर कुणी आलं नव्हतं.

मावशी आणि रुक्मिणी, दोघी खाडीकाठच्या एकाच वाडीतल्या. मासळीच्या पाट्या डोक्यावर घेऊन जोडीनं गावं पालथी घालायच्या. मग एकदा बंदरावर पुरुषांत जाळ्यावरून भांडण पेटलं आणि रुक्मिणीच्या नवऱ्यानं एका खलाशाला वल्ह्यानं मारलं. त्याचा डोळा गेला. तिथं अख्खी वाडी होती, पण जबाब तिघांनीच दिले, आणि खटला उभा राहिला तेव्हा त्यातले दोघे फितूर झाले. उरली मावशी. समन्स हातात पडल्यावर ती सरळ दापोलीला नणंदेकडे जाऊन बसली. कोर्ट काय तिला सोडतंय! तारीख चुकली तसे पोलीस वॉरंट घेऊन दारात हजर. "मी कायच बघितलं नाय, असंच सांगणार," असं मला बजावून ती पिंजऱ्यात उभी राहिली. पण समोर तो खलाशी बसलेला... बाहेर येऊन म्हणाली, "जां बघितलं तां सांगितलं. दुसरं तोंडात येयना."

नवऱ्याला शिक्षा झाली. रुक्मिणीनं बोलणं टाकलं, तिच्यामागून वाडीनंही. मावशीच्या पाटीपाशी कुणी थांबेना, तेव्हा मी तिला इथं घेऊन आले. मला कोर्टाचा फार राग येई. मावशीनं बोलावं म्हणून त्यांनी पोलीस धाडले. रुक्मिणीनं मावशीशी बोलावं म्हणून मी कुणाला धाडणार होते? मावशीला इथं कधीच करमलं नाही. शेजारणींशी ती हसायची, पण बोलायला तिला एक रुक्मिणीच हवी होती.

परवा दुपारी रुक्मिणी आली. एकटीच, घामाघूम. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"कुठं निजायची ती?"

मी खाट दाखवली. ती खाली जमिनीवर टेकली, उशीवरून हात फिरवला आणि सांगायला लागली... थोरलीचं बाळंतपण, धाकट्याची नवी होडी, सुटून आल्यापासून नवरा कसा घुम्यासारखा बसतो ते. मधेच म्हणाली, "आयकतेस ना गो सुमन?"

मी चहा घेऊन दारापर्यंत गेले आणि तशीच परत फिरले. चहा निवून गेला. पडवीत ती बोलतच होती.