उन्हाळ्यात हिटर लावणारी ताई

‘ताईंनी शांतपणे जगाचा निरोप घेतला’ असं श्रद्धांजलीत लिहा, म्हणून ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जमलेल्या दोघातिघांनी मला सुचवलं. मी तसं लिहिणार नाही. माझी थोरली बहीण कुसुम शांतपणे गेलेली नाही. शेवटच्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होते. एसीची खोली, न उघडणारी काच. सलाईन लावलेला हात उचलून ती म्हणाली, ‘खिडकी उघड वं.’ उघडत नाही म्हटलं, तर तिथल्या नर्सलाच दटावलं, ‘आत आलेली हवा बाहेर कुठून जाईन, हे कोणी पाह्यलं का?’ मी चहा प्यायला खाली उतरले आणि तेवढ्यात वर तिच्याजवळ थांबलेल्या मुलाचा, विलासचा फोन आला, ती गेली... दीड महिना झाला. अजूनही चहाचा कप हातात घेतला की मला राग येतो. माझा, आणि तिचाही.

ताई दारव्हा तालुक्यात नर्स होती. बोरी अरबच्या आसपासची गावं पायी, एसटीनं आणि जीपला लोंबकळून पालथी घातल्यावर तिनं एक जुनी निळी मोटार घेतली आणि स्वतः चालवायला लागली. लोक बोलले. तिनं कान बंद आणि काचा उघड्या ठेवल्या. दारव्ह्याच्या बाबूमिस्त्रीनं बॉनेट उघडल्याबरोबर सल्ला दिला, हिटर काढून टाका. आमच्याकडे जुन्या गाडीचं असंच करतात. हिटरकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्या कापायच्या, टोकं एकमेकांना जोडायची, की गळतीची कटकट संपली. ‘बाई, आपल्या इकडं हिटर कायले पाह्यजे? वरतं सूर्य हाये ना!’ ताईनं नळ्यांवर हात ठेवला. ‘कापू नको. आधी हे चालते कसं, थे सांग.’

बाबूमिस्त्रीनं सांगितलं, आणि पुढची तीस वर्षं ताईनं ते भेटेल त्याला सांगितलं. हिटर म्हणजे वेगळी शेगडी नव्हे. इंजिनाभोवती फिरून तापलेलं पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये निवतं. त्यातलंच थोडं पाणी डॅशबोर्डखालच्या वहीएवढ्या लहान रेडिएटरमध्ये येतं. पंखा त्याच्यातून हवा फेकतो आणि ती ऊब होऊन पायाशी उतरते. मधली तोटी बंद केली की नुसती बाहेरची हवा, जी पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत शिरते. ‘पण शिरन कवा?’ ताई विचारायची आणि उत्तरही तीच द्यायची. ‘मागची काच दोन बोटं खाली असंन तवा. जुनी हवा निघाली नाही, तर नवी येईन कुठून?’

हिटरवरचा तिचा हट्ट उगाच नव्हता. आमच्याकडे बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, वारा लागू नये म्हणून दारंखिडक्या लावून फटींमध्ये चिंध्या कोंबतात. आई आणि लेकरू धुरात खोकत पडतात आणि घरच्यांना वाटतं, चांगला शेक मिळतोय. ताई या शेगडीशी जन्मभर भांडली. थंडीत दवाखान्यातून बाळंतिणीला ती स्वतःच्या गाडीतून घरी पोचवायची. एकदा तांड्यावरच्या एका सासूनं सीटखाली वाकून पाहिलं, ‘नर्सबाई, निखारे कुठं ठेवले वं?’ ताई म्हणाली, ‘निखारे नाही, धूर नाही, तरी ऊब हाये का नाही? आता घरी चाल, तुह्या खिडकीतल्या चिंध्या मीच काढतो.’ सासू दारात आडवी उभी राहिली. ताईनं तिला बाजूला सारून चिंध्या काढल्या, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन पाहिलं की त्या परत कोंबल्यात का. कोंबल्या होत्या. तिनं परत काढल्या.

ती चुकायचीच नाही असं नाही. एका उन्हाळ्यात कुलरचा वाळा तिनं काचेखालच्या त्या जाळीत ठासला आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. दोन दिवस गार, सुगंधी हवा. मग पाणी निथळायचं भोक वाळ्याच्या काड्यांनी बुजलं, आणि तिसऱ्या दिवशी पहिल्याच वळणाला तुंबलेलं सगळं पाणी माझ्या मांडीवर. मी किंचाळले. तिला हसू आवरेना म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली. वाळा काढला, वास मात्र गेला नाही.

आणि तो मे महिना... माझ्या मुलीची नोकरीची कागदपत्रं तपासायची होती, बारापर्यंत यवतमाळला पोचलो नसतो तर नोकरी हातची गेली असती. चढावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा लालमध्ये गेला. मी म्हटलं, थांबव. ताईनं काचा खाली करायला लावल्या आणि हिटर पूर्ण चालू केला. त्या उन्हात! ‘येड लागलं का तुले?’ मी ओरडले. ‘इंजनाची गरमी आपण वाटून घेऊ,’ ती म्हणाली. ‘थे एकटं कायले तापन?’ आम्ही घामानं निथळत होतो आणि काटा हळूहळू उतरत होता. मुलगी वेळेत पोचली. नोकरी लागली.

मागच्या आठवड्यात विलास पुण्याहून पुन्हा आला, तो गाडी विकायचं भंगारवाल्याशी बोलूनच. मी चावी पदरात बांधली. पन्नाशीनंतर ताईनं मला जबरदस्तीनं गाडी शिकवली होती, ती काय शोभेसाठी? ‘मावशी, या उन्हात यवतमाळचा चढ चढली तर ठेवतो,’ विलास म्हणाला. मी त्याला तसाच शेजारी बसवला.

त्याच चढावर काटा लालमध्ये गेला. ‘झालं,’ विलास म्हणाला. मी हिटर पूर्ण चालू केला. पायांवर धग आली, श्वास घेववेना, आणि काटा हलेना. माझा धीर सुटत आला होता. तेवढ्यात विलास मागे वळला, सीटवरून वाकून त्यानं मागच्या दोन्ही काचा खाली केल्या. मी घाईत त्या विसरलेच होते. हवा झपाट्यानं वाहायला लागली. काटा थरथरला, थोडा मागे आला, मग आणखी थोडा. चढ संपला.

त्याचा फोन वाजला. भंगारवाला. ‘नाही द्यायची,’ एवढंच बोलून त्यानं फोन खिशात टाकला. मग हिटरच्या तोंडाशी वाकून त्यानं दोनदा श्वास घेतला.

‘मावशी, हा वास कशाचा?’

‘तुह्या मायची चूक हाये थे,’ मी म्हणाले. ‘काढाची नाही.’