मावशीच्या जागेवर

पाचूबंदरची माझी मावशी वसईच्या बाजारात मासे विकायची. तिचा नवरा एचआयव्हीने गेला, तेव्हा डॉक्टरांनी तिलाही तपासणी करायला सांगितलं. औषध फुकट होतं. ती म्हणाली, "कोनी बघितलं तं माझ्या हातचं म्हावरं कोन घेल?" ती गेलीच नाही. खंगून मेली.

पुढे माझ्या नवऱ्याला तोच आजार निघाला. मी लगेच तपासून घेतलं. मलाही निघाला. बाजारात ते लपलं नाही. मी रोज गोळी घेते आणि मावशीच्याच जागेवर बसते. गिऱ्हाइकं भावावरून भांडतात, म्हावरं घेऊन जातात. पाठीमागून मात्र मावशीचा तोच प्रश्न ऐकू येतो. माझं डोकं फिरतं. दुपारी रिकामी टोपली मी मागे वळून तिला दाखवते. तिथे भिंतच असते.