मागचा पाय

जिंतूरच्या डोंगरातली एका टोकावर तोललेली शिळा पाहायला आम्ही कॉलेजचे मित्र भाड्याच्या कॅम्परव्हॅनने गेलो होतो. गाडीला बुजून एक मेंढरू शिळेखाली शिरलं. मित्र त्याचे कान ओढू लागले. मी नकळत मागचा पाय धरून त्याला अलगद बाहेर काढलं.

म्हातारा मेंढपाळ माझ्या हाताकडे बघत राहिला. "कुणाचा रं तू? मेंढरामागचाच दिसायलास."

"नाही, मी शहरातला." घरी माझे वडील मेंढरंच राखतात.

"मग पाय धरायचं कसं कळलं?" मित्राने विचारलं. मी हात खिशात घातले.

"म्याच खुणावलं त्याला," म्हातारा म्हणाला. "शहरातल्या लेकरायला काय ठावं आसतंय?"

माझ्यासाठी तो खोटं बोलला. मला मात्र मित्रांसमोर त्याला साधा रामरामही घालता आला नाही.