अमरावती केंद्राची साखर

दुसऱ्याच्या रक्तावर इतका जीव असलेला प्राणी डासानंतर मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझे साडभाऊ. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार हिवरखेड, वय पासष्टीच्या पुढे, अंगात कायम पांढरा बुशकोट. त्या बुशकोटाच्या एका खिशात बोट टोचून साखर मोजायचं यंत्र आणि दुसऱ्यात शिंप्याचा टेप. लोक पाहुण्यांकडे जाताना पेढे नेतात, हे टेप नेतात. दारात चपला काढता काढता ते तुमच्या तोंडाकडे नाही, पोटाकडे बघतात, आणि 'कसे आहात' वगैरे न विचारता थेट म्हणतात, "काहून मास्तर, पट्ट्याचं छिद्र बदललं वाटते?" मास्तर म्हणजे मी. अमरावतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. ही गोष्ट सांगताना माझा विषय विज्ञान आहे हे लपवता आलं असतं तर बरं झालं असतं.

उभी नोकरी त्यांनी आरोग्य खात्यात, हिवतापाच्या कामावर काढली. घरोघर जायचं, ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, भिंतीवर गेरूनं भेटीची तारीख लिहायची आणि पुढचं घर गाठायचं. निवृत्तीच्या सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले होते, "डास आता थकला. आता माणसाले त्याचंच पोट खाऊन राहिलं." टाळ्या पडल्या, नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साडभाऊ पुन्हा फेरीवर! फक्त तापाऐवजी आता साखर. जुनी सवय अशी की त्याच दिवशी त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दारावर गेरूनं तारीख घातली आणि तारखेखाली घरातल्या एकेकाच्या कमरेचं माप. संध्याकाळपर्यंत हिवरखेडात हाहाकार. कोणाच्या सुनेची कंबर किती, हे रस्त्यानं जाणारा-येणारा वाचू लागला. बायका ओल्या फडक्यानं आपापली दारं पुसत होत्या आणि पुसता पुसता शेजारणीचं दार वाचत होत्या. "पण वाचलं न सगळ्यायनं!" असं साडभाऊ मला फोनवर आनंदानं सांगत होते. त्या दिवसापासून मात्र गल्लीतल्या बायका त्यांचा टेप दिसला की मागच्या दारानं पसार होऊ लागल्या.

गावावर नजर ठेवायची त्यांची जी पद्धत होती, ती कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. दर गुरुवारी ते रहीमचाचा शिंप्याच्या दुकानात जाऊन बसत आणि कोणी पँट ढिली करून घेतली, कोणी टाइट, ते विचारत. चाचा आधी बिथरले. "भाईसाब, ये गिऱ्हाईक का राज है, कैसे बताऊं?" साडभाऊ म्हणाले, "चाचा, तुमच्या गिऱ्हाइकाले मी आज त्याच्या घरी भेटू, का दोन वर्सांनी दवाखान्यात भेटू? तुमीच सांगा." चाचांनी कैची खाली ठेवली, थोडा विचार केला, आणि तेव्हापासून दर गुरुवारी अहवाल तयार. "तीन ढिली, एक टाइट." ढिली करणाऱ्याकडे साडभाऊ सावकाश जात. टाइट करून घेणाऱ्याकडे मात्र सायकल पळवत, कारण काही न करता वाळत चाललेला माणूस त्यांना जास्त भीती घाली. अशा दोघांना त्यांनी स्वतः मागे बसवून दवाखान्यात नेलं, आणि दोघेही आज धडधाकट आहेत.

त्यांच्या पुतणीच्या लग्नात मी हजर होतो. व्याह्यांची गळाभेट सुरू झाली. साडभाऊ मुलीचे काका, म्हणून तेही पुढे झाले. नवरदेवाच्या वडिलांना त्यांनी अशी घट्ट मिठी मारली की ती मंडळी भारावली. मिठी काही सुटेना. मग पाहतो तर पाठीमागून टेपचं टोक पुढे येत होतं! व्याही लाल झाले. साडभाऊ शांतपणे आकडा वाचून म्हणाले, "व्याहीबुवा, जिलबी आमच्याकडून लागली तेवढी. फक्त जेवण झाल्यावर मांडवाले चार चकरा मारजा." आणि खरोखर, जेवणानंतर नवरदेवाचे वडील मांडवाला चकरा मारताना सगळ्यांनी पाहिले, मागे साडभाऊ. शेतातल्या रोडग्यांच्या जेवणातही हेच. तुपात बुडवलेले रोडगे आणि वांग्याची भाजी ते कोणाला नाकारत नसत, पण शेवटचा घास गिळला रे गिळला की सगळ्या पाहुण्यांना धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाकलत नेत. मी एकदा कडब्याच्या गंजीमागे लपलो होतो. सापडलो नाही. तेव्हाच सापडलो असतो तर पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे असं झालं. लोकांच्या साखरेवर संशोधन करणाऱ्या एक तरुण डॉक्टरीणबाई अकोल्याहून हिवरखेडला आल्या आणि साडभाऊंची रजिस्टरं पाहून खालीच बसल्या. इतक्या वर्षांच्या, इतक्या माणसांच्या, तारीखवार नोंदी! ज्यांची साखर अजून आजारात गेलेली नाही पण जायच्या बेतात आहे, अशा माणसांनी रोज जेवणानंतर चालायचं, ताटात भाकरी आणि भाजी वाढवायची, भात आणि गोड कमी करायचं, दर रविवारी उपाशीपोटी बोट टोचायचं, आणि सहा महिन्यांनी नोंदी अभ्यासासाठी द्यायच्या असं ठरलं. साडभाऊंनी या लोकांना 'काठावरची मंडळी' असं नाव दिलं. त्यांचा आनंद काय सांगावा! हिवरखेड हे मुख्य केंद्र झालं आणि एक शाखा अमरावतीत उघडली. अमरावती शाखेत सभासद एकच होता. मी. माझी साखरही काठावर होती.

दर रविवारी सकाळी सहाला त्यांचा फोन येई. "अमरावती केंद्र, उठले का?" आणि लगेच, "तुमी आकडा नोका सांगू, यंत्राचा फोटो पाठवा." पहिले सहा आठवडे मी इमानानं चाललो, साखर उतरली, आणि साडभाऊंनी हिवरखेडच्या मंडळींना माझे फोटो दाखवून भंडावून सोडलं. "मास्तराचं पहा! शयरात राहून पहा!" मग शाळेच्या परीक्षा आल्या, चालणं सुटलं, संध्याकाळच्या चहासोबत आमच्या अमरावतीचे गरम गिलावडे येऊ लागले. सातव्या रविवारी यंत्रावरचा आकडा चांगलाच चढलेला होता. तिकडे तो माणूस फोटोची वाट पाहत होता. मला त्याचा आनंद मोडवेना, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला माझी शाबासकी सोडवेना. मी स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला म्हणालो, "शोभा, चल, तुझीही साखर पाहू."

तिनं हात पुसून बोट पुढे केलं. "सव्वीस वर्सांत आज माही आठवण झाली होय!" ती हसत होती. तिचा आकडा उत्तम आला. मी त्याचा फोटो काढला आणि माझा म्हणून पाठवून दिला, सोबत चालण्याच्या आणि कमरेच्या खोट्या नोंदी. मग दर रविवारी हेच. शोभा आपल्या बहिणीला फोनवर सांगू लागली, "हे न, दर रविवारी माही साखर पाहतात." मी शेजारच्या खोलीत ते ऐकत असे.

चारेक महिने गेले आणि आकडा वर सरकू लागला. आधी थोडा, मग नजरेत भरेल इतका. साडभाऊंचा एका बुधवारी फोन आला. आवाजात काळजी कमी, उत्साह जास्त. "मास्तर, तुमी लिहिता चालणं वाढलं, भात सुटला, कंबर उतरली. अन् साखर चढून राहिली! हे तं शास्त्रालेच धक्का हाय! मी डॉक्टरीणबाईले सांगतलं. थ्याही चकित झाल्या!" आणि मग प्रश्नांचा पाऊस. झोप किती, पीठ कुठल्या गिरणीचं, शाळेत भांडणं होतात का, नळाचं पाणी की बोअरचं. माझ्या एका खोटेपणावर दोन शहाणी माणसं दिवसरात्र डोकं लावत होती. आणि मला त्या आकड्याचा खरा अर्थ ठाऊक होता. साखर शोभाची चढत होती. हे साऱ्या जगात एकट्या मला माहीत होतं, आणि तरी मी दोन रविवार गप्प बसलो. ते दोन रविवार मी कोणाला सांगितले नव्हते, आज इथे लिहितो आहे.

तिसऱ्या शनिवारी साडभाऊ अकोटला गाडी बदलून स्वतःच हजर झाले. "रोग्याले पाह्यल्याबिगर कोडं सुटत नाही," असं म्हणून आल्या आल्या त्यांनी माझ्या कमरेला टेप लावला. एकदा मोजलं. टेप उलटा करून पुन्हा मोजलं. मग चष्मा काढून पुसला. आजवर त्यांनी टेपवर कधी संशय घेतला नव्हता, त्या दिवशी घेतला, पण माझ्यावर घेतला नाही. रविवारी सकाळी त्यांनी यंत्र काढलं, माझं बोट धरलं, आणि मला राहवलं नाही. "साडभाऊ, ते रक्त माझं नाही."

"मंग कोनाचं?"

मी दाराकडे पाहिलं. तिथे शोभा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. साडभाऊंना एका क्षणात सगळं कळलं. त्यांनी माझं बोट सोडून दिलं, अगदी टाकून दिल्यासारखं, आणि उठून तिच्या हातातला ट्रे घेतला. "शोभा, ये, बस अठी. दे बोट."

"मले काय होते भाऊजी? मी तं हिंडती-फिरती."

"सारे असंच म्हणतात. दे."

आकडा आला आणि तो म्हातारा माणूस खुर्चीतून उडालाच! "काठावरच हाय! शोभा, तू काठावरच हायेस, पलीकडे नाही गेली! याच्या मांगचे सारे रविवार हायेत माह्याजवळ, तारीखवार! उद्या अकोल्याले जाऊ, तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी करू, डॉक्टरीणबाई सांगतील. उतरते हे, माय, उतरते!" ते टाळ्या वाजवत होते. शोभा त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुम्ही माह्यासाठी नव्हते पाहत," एवढंच म्हणाली आणि थंड झालेला चहा गरम करायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं अकोल्याला गेलो. बसमध्ये त्यांनी रजिस्टर उघडलं, माझ्या नावापुढच्या सातव्या रविवारपासूनच्या सगळ्या रकान्यांवर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "बाईले तुमच्या तोंडानं सांगा. माह्या गावाच्या चाळीस माणसांनी खरं लिहिलं हाय, तुमच्यापायी त्यायचं खोटं पडू नये." मी सांगितलं. माझी ओळ बाईंनी अभ्यासातून काढली, बाकीची ठेवली, पण आधी प्रत्येकाची दवाखान्यात एकदा खात्री करून घ्यायचं ठरवलं. मग पानं उलटता उलटता त्यांनी विचारलं, "काका, यात बायका कुठे आहेत?" साडभाऊ गोंधळले. संपूर्ण काठावरच्या मंडळीत तीनच बायका होत्या. दारावर मापं लिहिल्याची गोष्ट त्यांनी खाली मान घालून सांगितली आणि बाई पहिल्यांदा हसल्या. त्याच आठवड्यात साडभाऊंनी टेप आपल्या बायकोच्या हाती दिला. त्या घराघरांतल्या स्वयंपाकघरात शिरू लागल्या आणि साडभाऊ बाहेर अंगणात पाठमोरे बसून आकडे लिहू लागले.

शोभाची साखर वर्षभरात उतरली. आता रविवारचा फोन तिला येतो. दोघं अर्धा तास बोलतात, ज्वारीपासून गुडघ्यांपर्यंत. शेवटी फोन माझ्याकडे येतो. माझा आकडा बहुतेक वेळा काही बरा नसतो, तरी तो ऐकून ते "वा! वा मास्तर!" म्हणतात आणि पुढच्या रविवारी बोलू असं म्हणून ठेवतात. हल्ली त्यांना प्रवास झेपत नाही. त्यांनी एकदा यावं, समोर बसावं आणि त्या सकाळबद्दल मला मनसोक्त झापावं, असं मला फार वाटतं. घरात कोणीच तो विषय काढत नाही. त्यांच्यापाशी मी एकदा तो काढून पाहिला. पलीकडून ते म्हणाले, "जाऊ द्या न मास्तर, तुमच्या शेजारच्या वयनीनं आज भाजी कोनती केली?" या वहिनींचीही साखर आता शोभा पाहते, त्यामुळे त्यांच्या ताटाची खबर आमच्या घरी असते. मी सांगितलं, पडवळ. ते लिहून घेत असावेत, कारण पलीकडून रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला.