आतोबा आणि छोटी कॅसेट

जी वस्तू पुढच्या दोन वर्षांत बाजारातून उठणार असते, ती आज आमच्या आतोबांच्या घरात असते. यात अतिशयोक्ती वाटत असेल तर नारायणगावातल्या कुठल्याही विजेच्या सामानाच्या दुकानदाराला विचारा. एक शेठ तर मला भेटला की आधी तेच विचारायचा, "तुमचे पाव्हणे सध्या काय घेतायत? सांगून ठेवा, तो माल मी मागवत नाही." आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, महाळुंगे पडवळचे बागायतदार. मोबाईल आले तेव्हा गावानं कार्ड घालायचे फोन घेतले. आतोबांनी बिनकार्डाचा घेतला. आवाज लई स्वच्छ येतो म्हणाले. येत होता खरा, पण त्यासाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागायचं. कॉम्प्युटर घेतला तोही असा, की त्यावर लिहिलेलं पत्र पंचक्रोशीतल्या एकाही कॉम्प्युटरवर उघडेना. मग आतोबा ग्रामपंचायतीचा अर्ज आधी पडद्यावर सुबक टाईप करायचे, आणि पडद्यावर बघून हातानं कागदावर उतरवून काढायचे. वर मलाच विचारायचे, "पण अक्षर बघ. डोळं हायेत ना?"

हा माणूस अडाणी असता तर मी काही म्हटलं नसतं. पण शेतीच्या बाबतीत त्यांच्याइतका हिशेबी माणूस नाही. विहिरीवर मोटर बसवायची वेळ आली तेव्हा साऱ्या वाडीत जी मोटर होती तीच त्यांनी डोळे झाकून घेतली. ऐन उन्हाळ्यात बिघडली तर शेजाऱ्याकडून पार्ट मिळाला पाहिजे, आणि मंचरच्या मिस्त्रीला ती झोपेतही खोलता आली पाहिजे, हा त्यांचा नियम. मी एकदा म्हटलं, "आतोबा, हाच नियम घरातल्या यंत्रांना का नाही लावत?" त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "मोटर पानी देती. पान्यात काय बघायचंय? हितं चित्र बघायचं असतंय."

आता मुद्द्यावर येतो. नव्वदच्या सुरुवातीला नारायणगावच्या स्टँडजवळ माझी व्हिडिओ लायब्ररी होती. भिंतभर कॅसेटी, सगळ्या मोठ्या, व्हीएचएसच्या. आणि त्याच वर्षी आमच्या सख्ख्या आतोबांनी आखातातून परतलेल्या एका माणसाकडून बीटाचा व्हीसीआर आणला, ज्याला छोटी कॅसेट लागते. भाच्याच्या दुकानातली एक कॅसेट लागेल तर शपथ! त्या मशीनचं चित्र खरंच उजवं होतं, हे मी आज कबूल करतो, तेव्हा केलं नाही. पण आमच्याकडे कॅसेट एकटी राहत नाही. ती या घरातून त्या घरात जाते, परत येताना दुसरी घेऊन येते. ज्या मशीनला शेजाऱ्याची कॅसेट लागत नाही, ते कितीही गुणी असलं तरी वाळीतच पडणार. आतोबांना हे शंभरदा सांगितलं. ऐकतील तर ते आतोबा कसले!

अशात माझ्या आतेबहिणीचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं. डिंभ्याचं स्थळ, माणसं चांगली. आतोबांनी खास पुण्याहून छोट्या कॅसेटच्या कॅमेऱ्याचा माणूस बोलावला आणि तीन कॅसेटी भरून लग्न घेतलं. लग्नानंतर कॅसेट फिरवायची हा त्या काळचा रिवाजच होता: आधी नवऱ्याच्या घरी, मग मामाकडे, मग ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्याकडे. ती कॅसेट डिंभ्याला गेली, शेजारच्या मशीनच्या तोंडात घातली, तर आतल्या आत खुळखुळायला लागली आणि बाहेर निघेना. चिमट्यानं काढावी लागली. व्याही बिचारे शांत माणूस, पण त्यांनाही लागलं. मंचरला येणाऱ्या जीपवाल्याबरोबर त्यांनी निरोप धाडला, "फेटा बांधताना मी अर्धा तास ताठ उभा व्हतो. त्यो कुनी बघायचा?"

मी आतोबांना म्हटलं, माझ्याकडे द्या, दोन दिवसांत मोठ्या कॅसेटवर नक्कल करून देतो. तर म्हणाले, "नक्कल केली की रंग जातो. माझ्या पोरीच्या शालूचा रंग घालवू व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मशीन गोधडीत गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि मला बरोबर घेऊन एसटीनं निघाले. घोडेगावला उतरून पुढच्या गाडीची दोन तास वाट पाहिली. सगळा वेळ मशीन मांडीवर. मी घेतो म्हटलं तर देईनात.

डिंभ्याला दुपारी वीज होती. खिडक्यांना घोंगड्या टांगून अंधार केला आणि आख्खी आळी आत बसली. व्याह्यांचा फेटा पडद्यावर आला, त्याची घडीन् घडी दिसली; व्याही खूश झाले आणि तेवढं परत लावायला सांगितलं. मग पाठवणी आली. बायका टीव्ही सोडून आतोबांकडेच बघायला लागल्या, कारण पडद्यावर ते ओक्साबोक्शी रडत होते. आतोबा जराही न हलता म्हणाले, "डोळ्यातलं पानी दिसतंय का? तुमच्या मशिनीत दिसलं नसतं."

निघताना त्यांनी वायरी काढल्या, गोधडी पसरली. लेक दारात उभी होती. तिच्याकडे पाहून त्यांनी वायरी पुन्हा जोडल्या. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हितंच. हिला कवा बघावंसं वाटलं तर बघंल." एवढ्या हौसेनं आणलेलं मशीन त्यांनी एका मिनिटात देऊन टाकलं, याचं मलाच वाईट वाटलं.

पण पुढे जे झालं त्याला तोड नाही. ते मशीन साफ करायला आतोबांखेरीज कुणाला येईना. मंचरचा, घोडेगावचा, कुठलाच मिस्त्री त्याला हात लावेना. त्यामुळे दर महिन्याला आतोबा स्पिरिटची बाटली, जुन्या धोतराची चिंधी आणि पेचकस घेऊन डिंभ्याला जाऊ लागले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरी बापानं पाणीसुद्धा पिऊ नये, अशी आमच्याकडची जुनी रीत, आणि आतोबा ती पाळणारे. माझ्या आतेबहिणीला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, नवस झाले. सासरच्यांनी तिला कधी वेडंवाकडं ऐकवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण बापाला लेकीच्या घरी जायला काही निमित्त उरलं नव्हतं, ते या मशीननं दिलं. लेक चहा आणायची. आतोबा कप उचलून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे, "बाप म्हनून घेत न्हाई हां, कारागीर म्हनून घेतो." एकदा तिनं बशीत बेसनाचा लाडू ठेवला. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "ह्यो गाडीभाड्यात धरतो." मशीन बिघडलेलं नसलं तरी तिचा निरोप यायचा, चित्रात मुंग्या येतायत. कारागीर लगेच हजर.

अशी बारा वर्षं गेली. माझ्या मोठ्या कॅसेटीही कुणी विचारीनासं झालं. सीडी आल्या आणि मी दुकानात कॉम्प्युटर मांडला. आतोबा मुद्दाम भेटायला आले, रिकाम्या भिंतीकडे बघून माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जिकलेलं बी जातंयच की रं." त्याच सुमारास जावईबापू मशीन आणि तिन्ही कॅसेटी घेऊन माझ्याकडे आले. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला सीडी द्यायची होती. मी जीव ओतून काम केलं, शालूचा रंग जाऊ दिला नाही, आणि मोठ्या तोऱ्यात आतोबांना सांगायला महाळुंग्याला गेलो.

"म्हंजे आता कुनाच्याबी मशिनीवर लागंल?"

"कुणाच्याही. आता तुम्हाला त्रास नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि उठून गोठ्याकडे गेले.

पुढचे दोन महिने आतोबा डिंभ्याला गेले नाहीत. आत्या मला म्हणाली, "तू शानपना केलास आन् त्यांची वाट बंद केलीस, बाबा." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी धावत जाऊन आतोबांना म्हटलं, सीडी खराब झाली म्हणून परत आणतो आणि तिच्यावर चरा ओढतो. तर ते केवढ्यांदा रागावले. "पोरीचं लगीन हाय त्यात. चरा वढतोय म्हनं."

त्यानंतर आठवड्याभरानं त्यांनी मला बोलावून घेतलं आणि मोटारसायकलवर मागे बसले. डिंभे म्हणाले. हातात काही नव्हतं, ना बाटली, ना पेचकस. आम्ही पोचलो तेव्हा आतेबहीण अंगणात होती.

"बाबा, काय बिघडलं?" तिनं घाबरून विचारलं.

"काय न्हाई. असाच आलो."

ती आत गेली, दोन ताटं वाढली आणि आतोबांच्या पुढ्यात एक ठेवलं. ओसरीवरून व्याही म्हणाले, "बसा पावणं. लई उशीर केलात." आतोबा ताटाकडे बघत राहिले, मग उठून हात धुऊन आले आणि पाटावर बसले. पाटवडीचा रस्सा होता. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागून घेतली. लेक पदरानं डोळे पुसत वाढत होती.

निघताना मोटारसायकलवर बसून म्हणाले, "फुडल्या महिन्यात येतो."

"कशाला?" तिनं विचारलं. हसत होती.

"जेवायला," आतोबा म्हणाले.