न चाललेली वाट न लिहिणाऱ्या ताई

डॉ. कुसुमताई वाघमारे यांना मी प्रथम पाहिले ते विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पाच्या तळावर, पाण्याच्या हौदाशी बसलेल्या. हातात बारीक जाळीची चाळणी होती आणि त्या तिच्यात वाघाची विष्ठा धूत होत्या. मी पाथरीचा, प्राणिशास्त्राची पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली संशोधन साहाय्यक म्हणून रुजू व्हायला आलेलो. वास आला तसा मी लांबच थांबलो. ताईंनी गाव विचारले आणि म्हणाल्या, "पाथरीचे का? मी वालूरची. मग बसा की खाली. वाघानं काय खाल्लं ते त्याला इचारता येत न्हाई. हे केस सांगतात."

त्या दुपारी चितळाचा केस आणि रानडुकराचा राठ केस यांतला फरक मी शिकलो. पुढे सहा वर्षे त्यांच्याजवळ काढली. नंतर पाथरीला शिक्षक झालो, पण शिष्यपण काही सुटले नाही.

ताईंचे वडील वालूरला शाळामास्तर. धम्मदीक्षेच्या सुमारास शिकून उभ्या राहिलेल्या पहिल्या पिढीतले. लेकीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. "झाले की," ताई हसून सांगतात, "पेशंट तेवढे पळून जाणारे मिळाले." आयुष्यभर त्यांनी वाघाच्या भक्ष्याचा अभ्यास केला. माग काढायला त्यांना एका वनमजुराने, भिवाजींनी, शिकवले होते. पहिला मोठा शोधनिबंध छापला गेला तेव्हा ताईंनी आपल्या नावाशेजारी भिवाजींचे नाव घातले. त्या गृहस्थांना सहीपुरतेच लिहिता येत असे.

माझी एक चूक इथे सांगितलीच पाहिजे. ठरलेल्या वाटेने पहाटे चालायचे आणि दिसतील ती हरणे, डुकरे वहीत नोंदवायची, असे आमचे काम होते. एके दिवशी अंगात कसकस होती म्हणून मी अर्ध्यातून परतलो आणि उरलेले आकडे अंदाजाने भरले. ताईंनी वही पाहिली.

"नाल्यापल्याड किती चितळं होती?"

"पाच, ताई."

"कालच्या अवकाळीनं नाल्याला पूर हाय. पोहून गेलात का?"

अंगात कसकस होती म्हणून अर्ध्यातून परतलो, हे मी कबूल केले. त्यांनी पान फाडले नाही. त्या आकड्यांवर रेघ मारून शेजारी 'चाललो नाही' असे माझ्याच हाताने लिहून घेतले. मग कपाळाला हात लावून पाहिला, स्वतः पेज करून दिली. "ताप होता तर ताप लिहायचा. त्यात लाज न्हाई," एवढेच म्हणाल्या. ती गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

निवृत्तीनंतर ताई वालूरला परतल्या. काही वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यातल्या राणीसावरगावच्या शिवारात एक वाघ आला. आमच्या जिल्ह्यात वाघ म्हणजे ऐकीव गोष्ट. त्याने गयाबाई नावाच्या शेतकरी बाईंची गाय मारली. वाघ पुन्हा खायला आला की मरावा म्हणून त्यांच्या पुतण्याने गायीच्या मढ्यावर टाकायला फवारणीचे औषध आणून ठेवले. ही बातमी कळताच ताई मला घेऊन जीपने तिकडे निघाल्या.

गयाबाई मढ्याजवळच बसल्या होत्या. वनखात्याची माणसे कॅमेरा लावायला आली होती. त्यांच्याकडे बोट करून बाई म्हणाल्या, "माझी गाय गेली, आन ह्यांना फोटूची पडली."

ताई त्यांच्या शेजारी मातीत बसल्या. "नाव काय होतं गायीचं?"

"कपिला." मग कितीतरी वेळ गयाबाई कपिलेबद्दलच बोलत राहिल्या. ताई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "औषध आज टाकू नका. चार दिवस मला द्या."

गर्दीतले एक म्हातारबा म्हणाले, "वाघमारे बाई, आडनावाला तरी जागा." सगळे हसले, ताईही हसल्या. भीती मात्र कमी झाली नव्हती. कापूस वेचणीचे दिवस होते आणि बाया रानात जायला तयार नव्हत्या.

ताईंनी गयाबाईंच्याच घरी मुक्काम ठोकला. रोज सकाळी वनखात्याच्या माणसांबरोबर माग पाहायचा, मग पारावर येऊन वाघ कुठल्या अंगाला आहे, आज कुठे जायचे नाही, ते सांगायचे. बाया घोळक्याने, त्याच्या उलट बाजूला वेचणीला जाऊ लागल्या. चौथ्या दिवशी ओढ्याकाठी वाघाची विष्ठा सापडली. ताईंनी ती गावासमोर बोअरच्या पाण्यात धुतली आणि चाळणीतले राठ केस गयाबाईंच्या तळहातावर ठेवले.

"हे तर डुकराचे," पुतण्या म्हणाला. रानडुकरांनी त्याची ज्वारी दोन वर्षे लोळवली होती.

"गाय त्यानं मारली, हे खोटं न्हाई," ताई म्हणाल्या. "पर तुमची ज्वारी खाणाऱ्यालाबी त्यो खायलाय. दोन्ही खरं हाय."

संध्याकाळी औषधाचा डबा पुतण्याने स्वतःच ताईंपुढे आणून ठेवला. अकराव्या दिवशी माग डोंगर ओलांडून गेले. वाघ निघून गेला होता, आणि गावात एकाही माणसाला ओरखडा उठला नव्हता.

पुढच्या वर्षी एका दूरच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात त्याच पट्ट्यांचा वाघ दिसला. ताई तो फोटो घेऊन मुद्दाम गयाबाईंकडे गेल्या. बाईंनी तो उजेडात धरून निरखला. "ह्योच का? अंगानं भरलाय," म्हणाल्या आणि फोटो कपाटाच्या दाराला लावून टाकला.

ताईंना आता पंचाहत्तरावे लागले आहे. हल्ली त्या आमच्या माळरानावरच्या लांडग्यांची पाहणी करतात. गुडघे कुरकुरतात, त्या मात्र कुरकुरत नाहीत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो आणि पाय चालते राहोत, हीच आम्हा साऱ्यांची मनापासूनची इच्छा. येत्या रविवारी पहाटे सहाला त्यांनी पाथरीच्या आम्हा सात मास्तरांना माळावर बोलावले आहे. उशीर केला तर थांबणार नाहीत, असा निरोप आहे. आम्ही साडेपाचलाच पोचणार आहोत.