आंबट भरड्यावरचा रस्सा

आमच्याकडे डुकरं आहेत हे मी सौंसरच्या ऑफिसात कधी आपणहून सांगितलं नाही. डब्याच्या वेळी नाकं मुरडणारी माणसं मला चांगली ठाऊक होती. पण रामाकोन्याजवळच्या आमच्या घरामागे सात डुकरं होती, आणि बाबांचा जीव त्यांतल्या एका काळ्या मादीत होता. ती गाभण होती. तिच्यापायी ते कुठे मुक्कामाला जात नसत.

डुकरांच्या तापाच्या बातम्या मोबाइलवर फिरू लागल्या तेव्हा मीच हट्टाला पेटले. ढोरांच्या डॉक्टरांना विचारून पांढुर्ण्याहून एक पावडर आणली. खाद्यात चुकून विषाणू आलाच असेल, तर ती त्याचा जोर कमी करते, असं ते म्हणाले. भरड्यात, म्हणजे भरडलेल्या धान्यात, मिसळून पोती काही दिवस बंद ठेवायची, मगच तो डुकरांना घालायचा. "आणि पंगतीचं उष्टं एकदम बंद. त्यात डुकराचं मटण असलं तर ताप त्यातूनच येतो. पावडर आहे म्हणून उष्टं चालतं, असं समजू नका," हेही त्यांनी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती, शहाण्यासारखी.

बाबा आजवर गावातल्या प्रत्येक पंगतीचं उरलंसुरलं निळ्या ड्रमात आणत आणि उकळून डुकरांना घालत. त्या दिवशी ते म्हणाले, "तू शिकलेली हायेस, तू म्हनशीन तसं." मग घरोघरी जाऊन उष्टं नको म्हणून सांगून आले. ड्रम घासला, त्यातच पहिला भरडा पावडर घालून कालवला, पोत्यांत भरला, आणि मग ड्रम अंगणात पालथा घातला.

पोती उघडली तेव्हा सिरक्यासारखा आंबट वास आला. बाकीच्या डुकरांनी कुरकुरत का होईना, खाल्लं. काळीनं तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बाबा कुंपणाशी बसून राहिले. "खाऊन नाही राहिली वं," एवढंच म्हणत होते. त्यांचा तो आवाज मला सहन होत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते लोधीखेड्याला एका मयतीला गेले. गल्लीत आदल्या दिवशी लग्नानंतरच्या मांडवपरतनीचं जेवण झालं होतं, बाहेरगावाहून आणलेल्या डुकराच्या मटणाचं. नवरीची आई उरलेल्या रश्शाचा गंज, म्हणजे भलंमोठं पातेलं, घेऊन दारात आली. आमच्याकडे मांडवाचं परत पाठवत नाहीत, आणि ती तर डोळे पुसत होती. "पोरीच्या मांडवाचं हाय बाई, नाही म्हनू नको."

मी गंज घेतला. रस्सा उकळायला हवा होता. पण चूल पेटवायची म्हणजे बस चुकली असती. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, भरड्यात औषध आहेच, काय असेल ते मारून टाकील. मी तो रस्सा काळीच्या आंबट भरड्यावर ओतला. तिनं घमेलं चाटूनपुसून साफ केलं. मला इतका आनंद झाला की बसमध्ये मी एकटीच हसत होते.

बाबांना सांगितलं, खाल्लं तिनं. ते चक्क लाजल्यासारखे हसले.

आठवडाभरात काळी आडवी झाली. कान लाल, अंग तापलेलं. मग पिल्लं पडली, सगळी मेलेली. ती गेली, तिच्यामागे दुसरी गेली, नमुना तपासायला गेला आणि निकाल आला, तोच ताप. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, आमची उरलेली पाच मारून खड्ड्यात घातली. आजूबाजूचीही डुकरं मारावी लागतात. मागच्या घरातल्या चुलतकाकांची चार धडधाकट डुकरं त्याच खड्ड्यात गेली. वर चुना पडला.  काका फक्त बाबांकडे बघत राहिले.

तेव्हा बाबा पुढे झाले. हात जोडून म्हणाले, "माह्याच ड्रमानं झालं. म्या त्याच्यातच भरडा कालवला. नीट धुतला नसन." मी चार पावलांवर उभी होते. गंज, रस्सा, बस, सगळं जिभेच्या टोकाशी आलं होतं. काकांच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मी गिळून टाकलं. इतकी भित्री मी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

काका त्या दिवसापासून बाबांशी बोलत नाहीत. समोरून आले तर रस्ता बदलतात. बाबा तक्रार करत नाहीत, आपली चूक आहे म्हणतात. पंगतीला गेलेच तर कडेला बसतात.

परवा मी ऑफिसला निघाले होते. ते अंगणात तोच रिकामा ड्रम राखेनं घासत होते. माझ्या पडलेल्या चेहऱ्याचा त्यांनी भलताच अर्थ लावला असावा. हात थांबवून म्हणाले, "तू मनाले लावून घेऊ नको बेटा. तुही पावडर चांगली होती. माहाच ड्रम खराब निंगाला."

मी म्हटलं, "हो, बाबा."